डब्यावर शिकलेली पिढी

शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण संस्थांची नावं घेतो, संस्थापकांच्या जयंत्या साजऱ्या करतो, जुन्या इमारतींची छायाचित्रं छापतो. पण घर सोडून शिकायला गेलेल्या मुलाला दिवसातून दोनदा भूक लागते, ही साधी गोष्ट त्या इतिहासात क्वचितच येते. मी आजऱ्याचा. आमच्या भागातल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, ‘कुठं शिकलास?’ तर तो गडहिंग्लज सांगेल, नाहीतर कोल्हापूर. ‘कशावर शिकलास?’ असं विचाराल तर बहुतेकांचं उत्तर एकच येईल. डब्यावर. एस.टी.तून येणाऱ्या डब्यावर.

आता परगावी शिकणाऱ्या लेकराला घरून खोकं जातं. त्यात काय घालावं, काय टिकतं, काय पाठवलं की मुलाला बरं वाटतं, याच्या याद्या आया एकमेकींना मोबाइलवर पाठवतात. चांगलंच आहे ते. पण या खोक्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांची हकिगत आहे आणि तिचा मोठा भाग आमच्या कोल्हापूर-सातारा पट्ट्यात घडला. ती थोडी सांगतो.

जुन्या काळी शहरात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलासाठी दोन वाटा असत. एक, वार लावून जेवायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. दुसरी वाट मधुकरीची. झोळी घेऊन दारोदार उभं राहायचं. १९०९ साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही मधुकरीवर शिकली. त्या अन्नात मानहानी होती, वेळी-अवेळी ऐकून घ्यावं लागे, पण दोन घास पोटात जात. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या मुलाला मात्र वार कोण लावणार? आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर कुणी उंबऱ्याशीही येऊ देत नव्हतं. शाळेचं दार उघडं असलं तरी जेवणाचं दार बंद होतं, आणि जेवणाचं बंद असलं की शाळेचं आपोआप बंद होतं.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८०पासून होतं. शाहू महाराजांनी १८९६ साली सगळ्या जातींच्या मुलांसाठी म्हणून एक वसतिगृह काढलं. थोड्याच वर्षांत तिथं जवळजवळ ब्राह्मण मुलंच उरली. मग महाराजांनी वेगळा रस्ता धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैन बोर्डिंग. १९०६ साली महाराज स्वतः अध्यक्ष होऊन मुसलमानांची शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिचं बोर्डिंग झालं. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढं लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत अशी ही रांग वाढत गेली. कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहिलं तर या रांगेतल्या काही इमारती आजही एका नजरेत मावतात.

आजची मुलं विचारतात, जात मोडायला निघालेल्या राजानं जातवार बोर्डिंगं का काढली? त्याचं उत्तर बरंचसं स्वयंपाकघरात सापडतं, असं मला वाटतं. शेजारी बसून गणित सोडवायला त्या काळचे पालक कसेबसे तयार होते. शेजारी बसून जेवायला तयार नव्हते. पाणी कुणी भरायचं, भाकरी कुणी थापायची, पंगतीत कुणाच्या ताटाला कुणाचं ताट लागायचं, या प्रश्नांवर एकत्र वसतिगृह फुटलं असतं. महाराजांनी ते भांडण बाजूला ठेवलं आणि आधी पोरं शिकू दे म्हणाले. तडजोड होती. पण त्या तडजोडीतून हजारोंच्या हातात पाटी आली.

ही पंगत किती चिवट होती, याचा एक प्रसंग कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रांत येतो. कुंभोजचे भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते जाऊन आले. परतल्यावर, अंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात यायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी अंघोळ करायला नकार दिला आणि त्यांचं बोर्डिंग सुटलं. विशीतला मुलगा, परगाव, आणि एका अंघोळीवरून गेलेलं ताट. हा मुलगा पुढं काय करणार होता, ते आपल्याला माहीत आहे. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथं मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका पंगतीला बसली. १८९६ साली जे कोल्हापुरात साधलं नाही, ते साताऱ्यात साधलं.

पण पंगतीला वाढायचं काय? भाऊराव गावोगाव हिंडून धान्य आणत. ज्वारी-बाजरीची पोती बैलगाडीतून येत. ती संपली की घरात लक्ष्मीबाई असत. भाऊरावांच्या पत्नी. कर्मठ जैन घरातून आलेल्या, सोवळ्याच्या वळणात वाढलेल्या. पोरांच्या संगतीत त्यांनी ते वळण सोडलं. आजारी पोराच्या उशाशी बसल्या, कुणाची जात न विचारता वाढलं. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव गावाला गेलेले, घरात दाणा नाही आणि मुलं जेवायची थांबलेली. त्या वेळी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातलं, ही गोष्ट रयतच्या शाळेत शिकलेला प्रत्येकजण ऐकून मोठा झाला आहे. १९३० साली त्या गेल्या. आपल्याकडे ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात, डोळे पुसतात आणि पुढं जातात. मला ती हिशेबाची गोष्ट वाटते. एका संस्थेच्या जमाखर्चात ज्या रकान्याला नाव नव्हतं, तो रकाना एका बाईनं गळ्यातल्या सोन्यानं भरला. असे रकाने पुढं घरोघर भरले गेले, आणि तिथूनच आमचा डबा सुरू होतो.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची पहिली गाडी सुटली. पुढच्या दोन-तीन दशकांत लाल गाडी डोंगरातल्या गावांपर्यंत पोचली. आजरा तेव्हा कोपऱ्यातलं. संस्थानी काळात ते इचलकरंजीच्या जहागिरीत होतं. एका अंगाला आंबोलीचा घाट, दुसऱ्या अंगाला गडहिंग्लज, मधून हिरण्यकेशी. पावसाळा असा की चार महिने इरलं उतरत नसे. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत १९४० साली याच आजऱ्यात जन्मले आणि पुढं कोल्हापुरात गेले, हे आम्ही आल्यागेल्याला अजून सांगतो. शिकायला बाहेर पडायचं म्हणजे तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन जायचं आणि तिकडं स्वतः चूल पेटवायची. गाडी आली आणि चुलीची अट गेली. चूल आजऱ्यातच राहिली, अन्न प्रवासाला निघालं.

मुंबईच्या डबेवाल्यांची कीर्ती जगभर झाली. १८९०पासूनची त्यांची परंपरा सांगतात, व्यवस्थापनाची पुस्तकं त्यांच्यावर धडे लिहितात. आमच्या एस.टी.च्या डब्याला ना रंगांच्या खुणा, ना आकडे. ॲल्युमिनियमचा नाहीतर पितळी कड्यांचा डबा, झाकणावर तैलरंगानं घातलेलं नाव, वर जुन्या लुगड्याच्या फडक्याची गाठ. सकाळच्या गाडीला तो ड्रायव्हरच्या मागच्या जाळीशी ठेवायचा आणि म्हणायचं, ‘मास्तर, पोराचा डबा हाय.’ कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, तो मान तरी हलवायचा नाहीतर नुसतं बघायचा. एवढीच पावती. मास्तरांनी माझ्या डब्याचे कधी पैसे मागितले नाहीत. उत्तूर-निपाणीमार्गे येणारी आमची गाडी वाटेत कर्नाटकाची हद्द ओलांडायची. सीमाप्रश्न पेटलेला असला तरी डब्याला कुणी अडवल्याचं मला आठवत नाही. कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्थानकावर गाडी लागली की खाली आम्ही पोरं उभी असायचो. कुणाचं लेक्चर असलं तर शेजारचा चारचार डबे उचलून आणायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा घासून परत. तो घासलेला नसला तर पुढच्या डब्यातल्या चिठ्ठीत त्याचा उल्लेख यायचाच.

गडहिंग्लजला शिकणाऱ्यांचा डबा रोज यायचा. कोल्हापूर लांब, जवळजवळ तीन तासांचं, म्हणून आमचा आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस बोर्डिंगच्या मेसमध्ये एक वेळ, नाहीतर पाव.

खाणावळ का नाही, असं कुणाला वाटेल. खाणावळीला रोकड लागते. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या तालुक्यांतली रोकड यायची मुंबईच्या गिरण्यांतून, मनिऑर्डरनं. घरटी एक माणूस गिरणीत. माझे अब्बा त्यांतलेच एक, गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहणारे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. अब्बा गावी परतले. मी १९८७ साली बी.ए.साठी कोल्हापूरला आलो तेव्हा आमच्या घरात पैसा नव्हता, पण वावरात नाचणी होती, भात होतं, परड्यात मिरच्या होत्या, दारात एक म्हैस होती. डबा म्हणजे शेतातलं धान्य रोकड न करता शिक्षणात घालण्याची रीत होती. संपानंतर आमच्या भागातली पोरं शाळा सोडून पांगली नाहीत याचं श्रेय मी त्या फडक्याच्या गाठीला बरंच देतो.

आता डब्यात काय असायचं. नाचणीच्या भाकरी, कारण त्या दुसऱ्या दिवशीही खाता येतात. त्या तव्यावरून काढून कापडावर पसरायच्या, पूर्ण निवू द्यायच्या आणि मगच डब्यात रचायच्या. गरम भरल्या तर डब्याला घाम सुटतो आणि निपाणीपर्यंत बुरशीची तयारी होते. खर्डा, पण तेलात परतलेला. शेंगदाण्याची, तिळाची, कारळ्याची चटणी. कोरडा झुणका. ओली भाजी उन्हाळ्यात नाही. दुधाला विरजण लावून वेगळ्या किटलीत द्यायचं. गाडीच्या इंजिनाच्या उबेनं संध्याकाळपर्यंत त्याचं दही व्हायचं. रस्त्याच्या खड्ड्यांमुळं त्याचं अर्धं ताक झालेलं असायचं, ते वेगळं. बकरी ईद झाली की सुकवलेल्या मटणाचे तुकडे, तिखट-मीठ लावून उन्हात वाळवलेले. ते महिनाभर पुरायचे. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ प्रसिद्ध आहे, शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो घनसाळ माझ्या डब्यात वर्षातून एकदा, ईदेला. एरवी जाडा तांदूळ. घनसाळ बाजारात जायचा आणि माझी फी व्हायची.

डब्यात अन्नाशिवायही पुष्कळ यायचं. भाकरींच्या तळाशी कागदात गुंडाळलेली दहाची नोट. शिवलेला शर्ट. परीक्षेच्या सुमारास दर्ग्यातला साखरेचा प्रसाद. आणि चिठ्ठी. अम्माला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि माझी धाकटी बहीण लिहायची. म्हैस व्याली, चिकोत्र्याला पूर आला, अमक्याचं लग्न ठरलं, तुझा खोकला कसा आहे.

बोर्डिंगातल्या आमच्या खोलीत पाचजण होतो. एक राधानगरीचा, दोन भुदरगडचे, एक चंदगडचा आणि मी. डबे जमिनीवर मध्ये मांडायचे आणि गोल बसायचं. शाहू महाराजांना जे स्वयंपाकघरात करता आलं नाही ते आमच्या खोलीत झालं, असं एखादा वक्ता टाळ्या घेत म्हणेल. मला इतकं सरळ म्हणता येत नाही. चंदगडचा मित्र माझ्या डब्यातली चटणी खायचा, भाकरी घ्यायचा नाही. कधी काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी श्रावण संपला त्या दिवशी तो म्हणाला, ‘मटान आलं की सांग रं.’ तेव्हापासून भाकरीही घेऊ लागला. भुदरगडचे दोघे पहिल्या दिवसापासून माझ्या डब्यात हात घालत होते. म्हणजे एका खोलीतही सगळ्यांचं घड्याळ सारखं चालत नव्हतं. पण तिथं आचारी नव्हता, वाढपी नव्हता, कुणाच्या आईनं काय रांधलंय हे बघायला कुणाचीच आई हजर नव्हती. प्रत्येकाला आपापल्या वेळेनं हात पुढं करता आला.

१९९० साली रमजान मार्चच्या अखेरीला सुरू झाला, आणि तेच दिवस शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचे. अम्मानं डब्याची वेळ बदलली. दुपारच्या गाडीनं पाठवायला लागली, म्हणजे रोजा सोडताना घरचं असावं. पहाटेच्या सहरीसाठी त्याच डब्यात वेगळ्या पुडीत भाजलेल्या नाचणीचं पीठ आणि गूळ. गाडी कागलजवळ बंद पडली की डबा रात्री यायचा. अशा वेळी राधानगरीचा मित्र स्टँडवर बसून राहायचा, मला अभ्यासाला खोलीत ठेवून. मगरीबच्या वेळेला कुणीतरी दोन केळी माझ्या वहीवर आणून ठेवायचं. पहाटे साडेतीनला मला उठवायला गजर चंदगडच्या मित्राचा होता. त्याच्याकडेच घड्याळ होतं.

डबा पोचला की तो भरणाऱ्यांची आठवण आम्हाला यायची ती अम्माच्या नावानं. पण पहाटे चारला उठून चूल पेटवणारी, भाकरी थापणारी, गाठ बांधून स्टँडपर्यंत पळणारी माझी बहीण होती. ती सातवीनंतर शाळेत गेली नाही. अम्मा शेतावर, म्हशीचं कुणी बघायचं, भावाचा डबा कुणी करायचा. माझ्या भागातल्या डब्यावर शिकलेल्या मुलांच्या घरात अशी एक बहीण बहुधा सापडतेच. तिची अक्षरं माझ्याकडे आहेत, त्या चिठ्ठ्यांत. पहिल्या वर्षाच्या चिठ्ठीत जोडाक्षरं चुकलेली आहेत. तिसऱ्या वर्षापर्यंत ती सुधारली होती. मला चिठ्ठ्या लिहून लिहून ती जेवढं शिकली तेवढंच तिचं पुढचं शिक्षण. लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र पुस्तकात आलं. आमच्या बहिणींची आठवी, नववी, दहावी कुठल्या पुस्तकात येणार?

पुढं गावोगाव कॉलेजं झाली, आजऱ्यातही आहे. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळू लागला. ज्या गाडीत पूर्वी मुलीच्या हातचा डबा तेवढा जायचा, त्या गाडीत मुलगी स्वतः बसली. माझ्या दृष्टीनं आमच्या भागात गेल्या तीस वर्षांत झालेली ही सगळ्यात मोठी घडामोड आहे, आणि तिच्यावर एक अग्रलेखही मी वाचलेला नाही.

डबे मात्र कमी झाले. मेस वाढल्या, पालकांच्या हाती थोडा पैसा आला. मार्च २०२०च्या टाळेबंदीत गाड्याच थांबल्या. त्यातून सावरतो तोवर २०२१च्या नोव्हेंबरात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप लागला, तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. जी काही घरं अजून डबा पाठवत होती, त्यांतल्या बऱ्याच जणांची सवय त्या दोन वर्षांत तुटली.

माझी ती बहीण आज पन्नाशीला आली आहे. तिची मुलगी कोल्हापुरात नर्सिंगला आहे. तिचं खोकं महिन्यातून एकदा जातं, कुरिअरनं. त्यात काय भरावं हे बहिणीला कुठल्या यादीत बघावं लागत नाही. कारळ्याची चटणी, तेलातला खर्डा, नाचणीचं पीठ भाजून, आजऱ्याचे काजू. यंदा तिनं पहिल्यांदाच दोन किलो घनसाळ घातला. ‘विकला असतास तर चांगला भाव आला असता,’ अम्मा कॉटवरून म्हणाली. बहीण चिकटपट्टी लावत होती. ‘या वर्षी नाही विकत,’ एवढंच म्हणाली, आणि खोक्यावर पत्ता लिहायला बसली. जोडाक्षरं अगदी बरोबर.